एकच दगड, तीन फोटो, तीन नावं: खनिज ओळखणारं ॲप गोंधळलं तर काय करायचं

माझ्या टेबलावर एक पांढरा दगड आहे, मुठीत मावेल एवढा. खिडकीजवळ फोटो काढला तर ॲप म्हणतं क्वार्ट्झ. रात्री दिव्याखाली काढला तर कॅल्साइट. उलटा करून काढला तर जिप्सम, आणि तेही ८९ टक्के खात्रीने. खनिजं गोळा करायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हा प्रकार येतो. मग माणूस वैतागून ॲप काढून टाकतो, नाहीतर दुसरं घेतो. दुसरं ॲप चौथं नाव सांगतं.

घाईत असाल तर एवढंच करा. दगड धुऊन पूर्ण वाळवा, सावलीतल्या उजेडात करड्या कागदावर ठेवून चार-पाच बाजूंनी फोटो काढा आणि ॲपने सुचवलेली सगळी नावं एका कागदावर लिहा. मग नखाने, चाकूच्या टोकाने आणि काचेच्या तुकड्यावर दगड तपासून एकेक नाव खोडत जा. नेहमीच्या दगडांपैकी बऱ्याच जणांचा निकाल इथेच लागतो. बाकीच्यांनी पुढे वाचा.

फोटोचा दोष आधी काढून टाका

फोनचा कॅमेरा माणसांचे चेहरे आणि देखावे छान दिसावेत म्हणून बनवलेला असतो. समोर पिवळा टेबलक्लॉथ असेल तर तो रंगाचा तोल स्वतःच बदलतो आणि पांढरा दगड निळसर होतो. लाल गालिच्यावर तोच दगड हिरवट दिसतो. म्हणून मागे करडा किंवा साधा पांढरा कागद हवा. फ्लॅश बंद. फ्लॅशमुळे गुळगुळीत पृष्ठभागावर पांढरा ठिपका उमटतो आणि काचेसारखी चमक कोणती, मोत्यासारखी कोणती, हा फरकच पुसला जातो. थेट उन्हातही तेच होतं. ढगाळ दिवस सर्वात चांगला.

दगड ओला करून फोटो काढायचा मोह टाळा. पाण्याने रंग गडद होतो आणि खडबडीत तुकडा पॉलिश केल्यासारखा दिसतो. ॲपला शिकवताना वापरलेल्या चित्रांमध्ये संग्रहालयातले देखणे स्फटिक आणि पॉलिश केलेले नमुने भरपूर असतात, त्यामुळे ओला दगड पाहिला की ते रत्नांची नावं सुचवू लागतं. वाटेवर सापडलेला मळकट, झिजलेला तुकडा त्याने क्वचितच पाहिलेला असतो.

दोन बारीक गोष्टी सहसा लक्षात येत नाहीत. पहिली: फार जवळ गेलात तर फोन गुपचूप दुसऱ्या लेन्सवर जातो आणि कडा धूसर होतात. थोडं लांब राहून काढा आणि नंतर कापा. दुसरी: मेसेजमधून आलेला किंवा स्क्रीनशॉट केलेला फोटो ॲपला देऊ नका, तो आधीच दाबून लहान केलेला असतो. चित्र ओळखणारी कितीतरी मॉडेलं फोटो अवघ्या २२४ × २२४ पिक्सेलपर्यंत लहान करून मगच बघतात. तुमचा दगड फोटोच्या कोपऱ्यात असेल तर त्याच्या वाट्याला नखाएवढी जागा उरते. दगडाने चौकटीचा निम्म्याहून जास्त भाग व्यापायला हवा, आणि चौकटीत दगड एकच हवा.

शक्य असेल तर ताजा फुटलेला भाग दाखवा. जुन्या पृष्ठभागावर गंज, माती, शेवाळ यांचा थर असतो आणि ॲप त्या थराचंच नाव सांगतं. डोळ्यांवर चष्मा लावून, दगड जाड कापडात गुंडाळून हातोडीचा एक हलका ठोका पुरतो. मात्र चांगला स्फटिक असेल तर त्याला हातही लावू नका, फोटो तसाच काढा.

एवढं करूनही पाच फोटोंना पाच उत्तरं आली, तर अडचण फोटोत नाही.

ते टक्के कशाचे असतात?

८९ टक्के पाहिलं की आपण समजतो, शंभरात एकोणनव्वद वेळा हे उत्तर बरोबर येत असणार. तसं नसतं. मॉडेलला ठरावीक नावांची यादी शिकवलेली असते आणि फोटो पाहून ते शंभर गुण त्या यादीतच वाटून टाकतं. बहुपर्यायी प्रश्नात ‘वरीलपैकी एकही नाही’ हा पर्यायच नसेल तर विद्यार्थी काय करेल? कुठेतरी खूण करेलच. तुमचा दगड यादीतच नसेल, किंवा तो मुळी खनिज नसून बाटलीची झिजलेली काच असेल, तरी शंभर गुण वाटले जाणारच.

नवीन ॲप घेतलं की मी आधी त्याला विटेचा तुकडा, खोडरबर आणि हिरव्या काचेचा तुकडा दाखवते. खोडरबराला एका ॲपने मोठ्या आत्मविश्वासाने खनिजाचं नाव दिलं होतं. ‘ओळखता आलं नाही’ असं स्पष्ट सांगणारं ॲप मला जास्त भरवशाचं वाटतं, मग त्याची यादी लहान का असेना.

याहून मोठा घोळ दुसराच आहे. पृथ्वीच्या कवचात निम्म्याहून जास्त वाटा फेल्डस्पार गटाचा आहे आणि साधारण १२ टक्के क्वार्ट्झचा. रस्त्यावर, नदीत, डोंगरात उचललेला फिकट, कठीण दगड यांपैकी एखादा असण्याची शक्यता प्रचंड असते. कोणतं खनिज किती वेळा सापडतं हे ॲपला बहुधा माहीत नसतं. त्याच्या लेखी क्वार्ट्झ आणि पुष्कराज (म्हणजे टोपाझ) ही यादीतली दोन सारखीच नावं. म्हणून पारदर्शक तुकडा पाहून ते बिनधास्त ‘पुष्कराज’ म्हणतं. दुर्मिळ नाव आलं की यादीत त्याच्याखाली असलेलं साधं नाव आधी तपासायचं, हा माझा नियम.

आता तपासणीकडे

फोटोत रंग, चमक आणि आकार येतो. खनिजाची ओळख मात्र बरीचशी कठिनता, कस (घासल्यावर येणाऱ्या पुडीचा रंग), पाटन (सपाट पातळ्यांवर फुटणं) आणि वजन यांत असते, आणि यांपैकी पाटनाचा थोडासा भाग सोडला तर काहीच फोटोत येत नाही. शिवाय रंग हा सर्वात लबाड साक्षीदार. एकटं क्वार्ट्झच रंगहीन, दुधी, गुलाबी, जांभळं, पिवळं, धुरकट, अशा कितीतरी रूपांत येतं. जांभळं क्वार्ट्झ म्हणजे अॅमेथिस्ट, आणि ते तापवलं तर पिवळं होतं. खनिज तेच, रंग दुसरा.

कठिनतेपासून सुरुवात करा. फ्रीडरिख मोह्स यांनी १८१२ मध्ये मांडलेला क्रम आजही वापरात आहे: टाल्क १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्लुओराइट ४, अॅपेटाइट ५, ऑर्थोक्लेज फेल्डस्पार ६, क्वार्ट्झ ७, पुष्कराज ८, कुरुविंद (कोरंडम) ९, हिरा १०. हा फक्त क्रम आहे. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. हिरा कुरुविंदापेक्षा कितीतरी पट कठीण आहे. आपल्याला त्याची गरज नाही. नख सुमारे २.५, चाकूचं पोलाद आणि खिडकीची काच साधारण ५.५, एवढ्यावर काम भागतं.

माझ्या पांढऱ्या दगडाची तीन नावं घ्या. नखाने चरा पडला तर जिप्सम. नखाने पडला नाही पण चाकूने सहज पडला तर कॅल्साइट. चाकू नुसता घसरला आणि दगडाने काचेवर ओरखडा काढला तर क्वार्ट्झ किंवा फेल्डस्पार. काच टेबलावर सपाट ठेवूनच घासा, हातात धरून नको.

इथे बरेच जण फसतात, कारण पोलादापेक्षा दगड कठीण असेल तर चाकूच झिजतो आणि दगडावर करडी रेघ उमटते. ती चऱ्यासारखीच दिसते. ओल्या बोटाने पुसा: पुसली गेली तर ते पोलाद होतं, राहिली तर खरा चरा. ठिसूळ, दाणेदार दगडाचीही हीच गत. त्यात खनिजाला चरा पडत नाही, दाणेच सुटून येतात. म्हणून एखादा मोठा दाणा किंवा स्वच्छ कड शोधून त्यावर तपासा.

मग पाटन, म्हणजे खनिज ठरावीक सपाट पातळ्यांवर फुटण्याचा गुण. दगड दिव्यासमोर हळूहळू फिरवा. एका कोनात अनेक छोटे सपाट भाग एकदम चमकून उठले तर पाटन आहे. क्वार्ट्झमध्ये ते दिसत नाही, ते काचेसारखं वाकडंतिकडं, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं फुटतं. याला शंखाभ भंजन म्हणतात. फेल्डस्पारला जवळपास काटकोनात दोन पाटनं. कॅल्साइटला तीन, पण काटकोनात नाहीत, त्यामुळे त्याचे तुकडे कलत्या पेटीसारखे होतात. इथे फोनचा खरा उपयोग होतो. असा सपाट चेहरा अगदी समोरून टिपा आणि त्याच्या कोपऱ्यांवर कोनमापक धरा. साधारण ७८ आणि १०२ अंश आले तर कॅल्साइटचा संशय बळावतो. तुकडा पारदर्शक असेल तर कागदावर रेघ ओढून त्यावर ठेवा. कॅल्साइटमधून एका रेघेच्या दोन दिसतात.

व्हिनेगरची चाचणीही सोपी आहे: एक थेंब टाकायचा आणि भिंगातून बुडबुडे येतात का ते पाहायचं. कॅल्साइटवर येतात, हळू पण येतात. चाकूने खरवडून थोडी पूड केली तर जास्त स्पष्ट दिसतात. डोलोमाइट हे कॅल्साइटसारखंच दिसणारं खनिज पूड केल्याशिवाय सहसा दाद देत नाही. पण या चाचणीने मला चार महिने चकवलं. टेबलावरच्या त्या पांढऱ्या दगडावर थेंब टाकला, फेस आला, मी चिठ्ठीवर ‘कॅल्साइट’ लिहून मोकळी झाले. पुढे कुणाला तरी दाखवताना चाकू लावला तर दगडाला काहीच होईना. भिंगातून नीट पाहिलं तेव्हा कळलं, फेस फक्त भेगांमधून येत होता. दगड क्वार्ट्झचाच, भेगांत कॅल्साइटचा पातळ थर साचलेला. म्हणजे ॲपची पहिली दोन्ही उत्तरं एका अर्थी बरोबर होती, आणि मी मात्र एकच चाचणी करून थांबले होते. तेव्हापासून दोन वेगळ्या चाचण्या एकमेकींशी जुळल्याशिवाय मी चिठ्ठी लिहीत नाही.

गडद आणि धातूसारख्या दगडांसाठी कस सर्वात कामाचा. टाइलची मागची, न चकाकणारी बाजू घ्या आणि दगड घासून पूड कोणत्या रंगाची येते ते पाहा. हेमॅटाइट वरून काळं, करडं, लाल कसंही दिसो, कस तांबूस तपकिरीच. मॅग्नेटाइटचा काळा. गोएथाइटचा पिवळसर तपकिरी. मात्र क्वार्ट्झसारखं कठीण खनिज घासलं तर टाइलच खरवडली जाते आणि पांढरी पूड टाइलची असते. तो कस धरू नका.

वजनासाठी ग्रॅम दाखवणारा काटा हवा. आधी कोरडा दगड मोजा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा, दगड दोऱ्याने बांधून तळाला किंवा कडेला न टेकवता पूर्ण पाण्यात सोडा. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. माझा दगड १०६ ग्रॅमचा, पाण्यात काट्याने ४० दाखवले. १०६ भागिले ४० म्हणजे २.६५, क्वार्ट्झचं विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच पाण्यापेक्षा किती पट जड ते). इथे टाळी वाजवायची घाई करू नका, कारण कॅल्साइटचं २.७१ आहे आणि घरच्या काट्याची चूक एवढ्या फरकाला सहज गिळते. ही चाचणी मोठ्या फरकांसाठी आहे. पांढरं पण हाताला जड लागणारं बॅराइट ४.५ च्या आसपास येतं, गॅलेना ७.५. दगड सच्छिद्र असेल तर हवा अडकून आकडा कमी येतो, तिथे वेळ घालवू नका.

नेहमी अडकवणाऱ्या जोड्या

जांभळा दगड: अॅमेथिस्ट की फ्लुओराइट? ॲप यात हमखास घोटाळतं. चाकूने चरा पडला तर फ्लुओराइट. त्याच्या फुटलेल्या कोपऱ्यांवर तिरके त्रिकोणी सपाट भाग दिसतात. अॅमेथिस्ट काचेवर ओरखडा काढतं.

सोनेरी चकाकी: पायराइट, कॅल्कोपायराइट, झिजलेलं अभ्रक, आणि प्रत्येकाच्या मनातलं सोनं. सुईचं टोक दाबून पाहा. सोनं मऊ असल्याने दबतं, अभ्रकाचा पापुद्रा सुटतो आणि वाकतो. कॅल्कोपायराइटला चाकूने चरा पडतो, पायराइटला पडत नाही. या दोघांचाही कस हिरवट काळा, सोन्याचा सोनेरीच. पायराइटच्या घनाकृती स्फटिकांवर बारीक समांतर रेघा असतात, त्या फोटोतही दिसतात.

काळा, जड दगड आणि ॲपचं उत्तर ‘उल्कापाषाण’. आधी चुंबक लावा, मग कस पाहा. जोरात चिकटला आणि कस काळा आला तर बहुतेक मॅग्नेटाइट. तांबूस कस आला तर हेमॅटाइट. भिंगातून गोल बुडबुड्यांची पोकळी दिसली तर भट्टीतला मळ (धातू गाळताना उरणारा स्लॅग) असण्याची शक्यता जास्त. ॲपच्या यादीत भट्टीचा मळ बहुधा नसतो, आणि असे तुकडे रुळांच्या कडेला, भरावात, नदीकाठी सगळीकडे सापडतात.

आणि ‘ग्रॅनाइट’ असं उत्तर आलं तर ते चूक म्हणता येणार नाही, फक्त प्रश्न बदललेला असतो. ग्रॅनाइट हा खडक, म्हणजे क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक अशा खनिजांची एकत्र वस्ती. खनिजच हवं असेल तर एकाच दाण्यावर फोटो केंद्रित करा.

काही दगडांना हात आखडता घ्या

ॲपने गॅलेना, सिनाबार, रिआल्गार, ऑर्पिमेंट किंवा आर्सेनोपायराइट यांपैकी नाव घेतलं तर, उत्तर चुकीचं असेल असं वाटलं तरी, पूड करू नका, तापवू नका, हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवा. यांत अनुक्रमे शिसं, पारा आणि शेवटच्या तिन्हींत आर्सेनिक असतं. सुतासारखे तंतू सुटणारा दगड तर खरवडूच नका. तो अॅस्बेस्टॉसचा प्रकार असू शकतो आणि धोका त्या धुळीत आहे. तो बंद पिशवीत ठेवा. आणि कुणी सांगितलं म्हणून दगड चाटून पाहू नका. मीठ ओळखायला ती जुनी रीत होती, पण समोर मीठच आहे हे आधी कुठे माहीत असतं?

तरीही नाव ठरत नसेल तर

काही प्रश्न फोनने किंवा चाकूने सुटत नाहीत, आणि तो ॲपचा दोष नाही. कॅल्साइट आणि अॅरॅगोनाइट यांचं रासायनिक घटन एकच, अणूंची मांडणी तेवढी वेगळी. स्फटिकाचा आकार दिसत नसेल तर घरी फरक करणं अवघड. गार्नेट गटातले सदस्य, अँफिबोल गट, फेल्डस्पारचे प्रकार यांचंही तसंच. आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेने मान्य केलेल्या खनिजांची संख्या सहा हजारांच्या पुढे गेली आहे, आणि त्यातली बरीचशी क्ष-किरण विवर्तनासारख्या तपासणीशिवाय कुणालाच ओळखता येत नाहीत. अशा वेळी गटापर्यंत थांबायचं. ‘गार्नेट’ एवढं लिहिणं पुरेसं आहे.

एक गोष्ट मात्र फोन उत्तम करतो: दगड जिथे सापडला त्या जागेची नोंद. उचलायच्या आधीच जागेसकट फोटो घ्या, आजूबाजूचा खडकही टिपा. माइंडॅट हा डेटाबेस २००० सालापासून लोकांसाठी खुला आहे आणि त्यात ठिकाणानुसार आढळलेल्या खनिजांच्या याद्या मिळतात. ॲपने सुचवलेलं नाव त्या भागाच्या यादीत नसेल तर ते अशक्य होतं असं नाही, पण आधी दुसऱ्या नावाकडे बघावं.

जाणकाराला विचारायचं ठरवलंत तर नुसता फोटो आणि ‘हे काय आहे?’ पाठवू नका, त्यालाही ॲपइतकंच दिसेल. माझ्याकडे एक हिरवट काळा तुकडा अजून बिननावाचा पडला आहे. त्याच्या चिठ्ठीवर आत्ता एवढं लिहिलंय: ‘ओढ्याच्या पात्रात, गोल झिजलेला. चाकू घसरतो, काचेवर पुसट ओरखडा. कस पांढरट, किंचित हिरवी छटा. चुंबकाला चिकटत नाही. दोन पाटनं, काटकोनात नाहीत, नक्की किती अंश ते मोजता येत नाही. विशिष्ट गुरुत्व अंदाजे ३.१. ॲप: टुर्मलीन, हॉर्नब्लेंड, ऑब्सिडियन.’ ऑब्सिडियनला पाटन नसतं आणि ते इतकं जड नसतं, म्हणून ते खोडलंय. टुर्मलीनचं पाटन इतकं स्पष्ट नसतं, म्हणून त्यावर प्रश्नचिन्ह. हॉर्नब्लेंडची दोन पाटनं साधारण ५६ आणि १२४ अंशांत असतात; तेवढा एक कोन नीट मोजता येईल अशी कड सापडली की चिठ्ठी बदलेन.